उठायचं का पळायचं

दत्तूभाऊ साल्पेकरांचा आवाज मी आजही काढू शकतो. काढत नाही.

पहिले सांगून टाकतो, मी लहानपणापासून नकल्या. डोंगरगडच्या शाळेत एकदा वर्गाबाहेर उभं राहून हेडसरांच्या आवाजात ‘आज सुट्टी!’ असं ओरडलो होतो. चार वर्ग रिकामे झाले, आणि खुद्द हेडसरही दोन मिनटं आपली पिशवी शोधत होते. बाबा रेल्वेत, त्यामुळे टीसीपासून अनाउन्सर बाईपर्यंत सगळं स्टेशन माझ्या घशात राहायचं. अभ्यासात काही दम नव्हता. पण माणूस एकदा ऐकला की तो मले यायचा.

मग राज्य नवीन झालं नं रायपूर एकदम राजधानी झालं. काल जिथं कलेक्टरची गाडी गेली तरी लोकं दुकानातून वाकून पाहायचे, तिथं रोज सायरन. भोपाळहून वाटणीत सरकारी गाड्या आल्या. आता वाटणीत चांगलं भांडं कोण देते? अर्ध्या गाड्या धक्क्यानं सुरू व्हायच्या, अर्ध्या धक्क्यानं बंद. त्या ठीक करायले तात्यापारा मोहल्ल्याजवळ एक सरकारी गॅरेज उघडलं, त्याचंच दुसरं शेड शंकर नगरात. मी तात्यापाऱ्याच्या ऑफिसात जॉब कार्ड लिहायले लागलो. गाडी नंबर, किलोमीटर, तक्रार, सही. तिथं दत्तूभाऊ भेटले.

भाऊ तेव्हा पन्नाशी ओलांडलेले. बुटके, मानेले मफलर. एप्रिलातही मफलर, काहून तर गाडीखाली झोपलं की तेल मानेत जाते. घर तात्यापाऱ्यात, भोसल्यांच्या काळापासून. ‘आमचे आजे-पणजे फौजेसंग आले, अन् परत जायचं विसरले,’ असं सांगायचे. गॅरेजात रोजीवर होते, पण सगळ्या मिस्त्र्यांचा मिस्त्री. इंजिन, ब्रेक, लाइट ते दुसऱ्यांले देऊन टाकायचे. त्यांचा जीव गाडीच्या मागच्या बाजूले, दोन चाकांच्या मधात जो लोखंडी गोळा असते त्यात. डिफरेंशियल. त्याच्या आत एक मोठं दातेरी चाक, क्राउन, आणि त्याले फिरवणारं एक लहान, पिनियन. ह्या दोघांच्या दातांचा जो हिशेब, तोच भाऊंचा संसार.

मले त्यांनी हे पहिल्याच आठवड्यात समजावलं. मी विचारलं नव्हतं.

‘जिना चढला का कधी?’

‘चढलो नं भाऊ.’

‘पायऱ्या छोट्या छोट्या असल्या तर काय होते बाबू?’

‘चढायले सोपं जाते.’

‘हव. पण सपाट रस्त्यावर तेवढीच छोटी पावलं टाकत पळ म्हटलं तर? पाय भरभर चालतीन, दम लागन, अन् माणूस पोचन कुठं? इथंच. पिनियनले दात कमी अन् क्राउनले जास्त, म्हणजे छोट्या पायऱ्या. गाडी जागची कशी उठते पाहा, वाघासारखी. पण पळायची म्हटली की इंजिन बोंबलते. म्हणून मी पहिले विचारतो. उठायचं का पळायचं? एक सांग.’

हा त्यांचा प्रश्न होता. पिकअप पाहिजे म्हणून कोणी आलं की भाऊ आधी ‘हव’ म्हणायचे, श्वास आत ओढून, जसं गरम चहाचा घोट घेतला. मग घसा खाकरायचे. मग हा प्रश्न. समोरचा म्हणायचा, ‘दोनों चाहिए भैया.’ तर म्हणायचे, ‘दोनों के लिए मंदिर जाओ बाबू. मेरे पास तो एकच मिलेगा.’ हिंदी बोलतानाही त्यांचा ‘एकच’ मराठीच राहायचा.

आणि तेवढ्यावर थांबायचे नाही. गाडीत जाऊन बसायचे. त्या माणसासोबत त्याच्या रोजच्या रस्त्यानं एक दिवस हिंडल्याशिवाय भाऊ दात सांगतच नसत. कुठं थांबते, कुठं चढते, मागं किती जण बसते, घाई कधी असते, सगळं पाहायचे. बोलायचे नाही. नुसते बसायचे, दार धरून.

तात्यापाऱ्यातला एक मिठाईवाला होता, त्याची व्हॅन उठत नव्हती. तो म्हणे, दात बदलून द्या. भाऊ सुट्टीच्या दिवशी त्याच्यासंग सकाळपासून दुपारपर्यंत फिरले, लग्नघरी बुंदी पोचवत. उतरल्यावर मिठाईवाल्यानं विचारलं, ‘कौन सा लगेगा भैया?’

भाऊ म्हणे, ‘गाडी ठीक है. तुम्हारा बायां पांव पूरे टाइम क्लच पे सोता है. उसको जगाओ.’

मिठाईवाला चिडला. आठ दिवसांनी पेढे घेऊन आला.

पोरीचं लग्न ठरवतानाही त्यांनी हेच केलं. हे मले काकूंनी, म्हणजे भाऊंच्या बायकोनं सांगितलं, हसत हसत. पोरगा पाहायले आला, पोहे झाले, सगळे बोलून राहिले, आणि भाऊ मधातच उठून म्हणे, ‘चला, तुमच्या स्कूटरवर मले शंकर नगरपर्यंत सोडा.’ काम काहीच नव्हतं. पोराच्या मागं बसून गेले, आले. काकूंनी स्वयंपाकघरात ओढून विचारलं, ‘काय बोलला?’

‘काहीच नाही बोलला. रस्त्यात म्हशी होत्या. हॉर्न नाही मारला त्यानं. थांबला.’

‘मग?’

‘मग काय? हव म्हण.’

असा माणूस नकल्याच्या हाती लागला म्हणजे काय सांगू. पंधरा दिवसांत भाऊ माझ्या तोंडात आले. तो आत ओढलेला ‘हव’, ते खाकरणं, प्रत्येक वाक्याच्या शेपटीले लटकलेला ‘बाबू’. दात मोजताना ते मराठीत मोजायचे, मोठ्यानं, बोटाले ग्रीस लावून. कोणी मधात बोललं की परत एकपासून. मी हा आयटम बसवला होता. मी भाऊ होऊन मोजायचो, ड्रायव्हर लोकं मुद्दाम मधात ‘भैया, चाय?’ म्हणायचे, आणि मी परत ‘एक’. लोकं पोट धरून हसायचे. चहाच्या वेळी माझ्या टेबलाभोवती गर्दी व्हायची. ‘भैया, साल्पेकर सुनाओ नं!’ भाऊ आले की मी चूप. त्यांच्यासमोर मी कधीच केलं नाही. वाईट वाटन म्हणून नव्हे. रागावतीन म्हणून.

त्या वर्षी गॅरेजात फोरमनची पक्की जागा निघाली. पक्की म्हणजे पेन्शन, क्वार्टर, आणि बाकी काही नाही तरी दारावर नाव. तीस वर्षं भाऊंनी दुसऱ्यांच्या शेडमधी काम केलं होतं. ते काही बोलले नाही, पण काकू मले म्हणाल्या, ‘रात्री झोपत नाहीत रे. दारावर साल्पेकर लिहितीन का द. वि. साल्पेकर, ते विचारून राहिले.’

गॅरेजचे साहेब भोपाळचे. त्यांनी भाऊले बोलावलं. मी कार्ड घेऊन तिथंच उभा होतो.

‘साल्पेकरजी, काफिले के आगे जो दो जीपें चलती हैं, उठती ही नहीं. पीछे मंत्रीजी की नई गाड़ी उनके सिर पर चढ़ी रहती है. मेरी नाक कटती है. इनका पिकअप बना दीजिए. फोरमन की फाइल मेरी टेबल पर है, नाम मैं आपका ही लिखूंगा.’

‘हव,’ भाऊ म्हणाले. ‘एक दिन जीप में बैठूंगा साब.’

‘अरे, बैठना क्या है?’

‘बैठे बिना नहीं बता सकता.’

साहेबानं हात जोडले. परवा काफिला निघणार होता, म्हणून भाऊ दुसऱ्याच दिवशी बसले. बिसाहू नावाचा ड्रायव्हर होता, सिलतऱ्याकडचा, साधा माणूस. काफिला जिथून जाणार, त्या बिलासपूरच्या रस्त्यानं तो नं भाऊ एका जीपमधी सकाळीच निघाले. दुसरी जीप शंकर नगरच्या शेडमधी. तिथं भाऊंच्या हाताखालचा जुना रामाधार मिस्त्री मागचा गोळा उघडून, दाताचे दोन जोड पुढ्यात ठेवून बसला होता. एक जोड जरा छोट्या पायऱ्यांचा, एक एकदम छोट्या. भाऊ सांगतीन तो टाकायचा. बिसाहूची जीप संध्याकाळी आली की तिलेही तोच.

अकरा वाजता माझ्या टेबलावरचा फोन वाजला. चहाची वेळ, सहा-सात जण उभे. मी उचलला, तर रामाधार.

‘भैया हैं क्या? पूछो कौन सा डालें. खोल के बैठे हैं.’

मी बोलणार होतो की भाऊ नाहीत. खरंच. पण समोर ती सगळी तोंडं होती, आणि एकानं डोळा मारला. मी श्वास आत ओढला.

‘हव,’ मी म्हटलं.

मागं कोणीतरी तोंडात रुमाल कोंबला.

‘भैया? आ गए आप?’ रामाधारचा आवाज एकदम अदबीचा झाला.

मी खाकरलो. ‘सबसे छोटी सीढ़ी वाला डाल दे बाबू. दोनों में. शेर के जैसी उठेगी.’

‘जी भैया.’

फोन ठेवला. काय हसले लोकं! एक जण तर खाली बसला. मीही हसलो. लगेच परत लावायचा होता, गंमत केली म्हणून सांगायले. लावला. एंगेज लागला. परत लावला. एंगेज. तेवढ्यात गरम समोसे आले. मग एका गाडीचं कार्ड, मग जेवण. दुपारी आठवलं तेव्हा मी मनात म्हटलं, भाऊ आल्यावर पाहून घेतीन, आणि साहेबाले पिकअपच तर पाहिजे, तोच जोड ते लावतीन. तोपर्यंत लाइन मोकळी झाली असन, मले माहीत होतं. मी फोन उचललाच नाही.

भाऊ सांजेले बिसाहूसंग शंकर नगरच्या फाटकाशी पोचले, बिसाहूनं जीप आत नेली, भाऊ तिथूनच पायी घरी गेले. त्यांले वाटलं, काफिला दुपारचा आहे, रामाधार सकाळी विचारन. रामाधारले वाटलं, भाऊंनी सांगितलं आहेच. त्यानं नं त्याच्या दोघा पोट्ट्यांनी लागून दोन्ही जीपा बांधून टाकल्या.

सकाळी मी कार्ड घेऊन शंकर नगरले गेलो तर साहेब स्वतः जीप चालवून उतरून राहिले होते, खूश. ‘वाह साल्पेकरजी! क्या उठती है!’

भाऊ फाटकातून आत येत होते. ते थांबले. जीपकडं पाहिलं, मग खडू घेतला. मागच्या चाकावर एक रेघ, फिरत्या शाफ्टवर एक रेघ. एका बाजूले जॅक लावून चाक हातानं दोनदा फिरवलं आणि शाफ्टचे फेरे मोजले. सव्वापाचच्या वर, म्हणजे एकदम छोट्या पायऱ्या. उठून उभे राहिले.

‘रामाधार, हे कोणी सांगितलं?’

‘आप ही ने तो फोन पे बोला भैया. कल, ग्यारह बजे.’

अकरा वाजता भाऊ बिलासपूरच्या रस्त्यावर, सिमगा गावाच्या पुढं होते, जीपचं दार धरून. ते रामाधारकडं पाहत राहिले. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. त्यांले कोणीतरी कधीतरी सांगितलं असनच, की मी काय करतो म्हणून. मी कार्डावर नंबर लिहायले लागलो.

काफिला आधीच काढायचं ठरलं होतं, एका तासात निघणार होता. तेवढ्या वेळात गोळा खोलणं नव्हतं होत. भाऊ बिसाहूच्या खिडकीशी गेले. ‘देख बाबू, सत्तर के ऊपर मत ले जाना. शहर में जितना दौड़ाना है दौड़ा. बाहर सत्तर.’

‘पीछे वाले नब्बे में आथें भैया,’ बिसाहू म्हणाला. ‘मैं सत्तर मा कइसे चलहूं?’

भाऊंनी बोनट उघडून रेडिएटरमधी पाणी काठोकाठ भरलं.

शहरात जीपा काय उठल्या! चौकाचौकात लोकं पाहत राहिले. बाहेर बिसाहूनं सत्तर धरायचा प्रयत्न केला, मागून सायरन, शिव्या, वायरलेसवर ओरडा. तो नव्वदवर गेला. अर्ध्या तासात इंजिन लाल झालं नं जाम झालं. भर रस्त्यात, भर उन्हात जीप आडवी, आणि मागं पूर्ण काफिला उभा. लागलं कोणाले नाही. पण मंत्री गाडीतून उतरून रस्त्यावर उभे राहिले होते. हे सगळ्यांनी पाहिलं.

तिसऱ्या दिवशी साहेबानं बोलावलं. बिसाहू, रामाधार, भाऊ, मी. साहेबाचं म्हणणं, ड्रायव्हरनं गाडी जाळली, त्याले सस्पेंड करतो. बिसाहू हात जोडून उभा होता.

‘ड्राइवर का दोष नहीं साब,’ भाऊ म्हणाले. ‘उस दात पे वो गाड़ी नब्बे नहीं चल सकती. कोई भी चलाता तो यही होता.’

‘दांत किसने चुना?’

रामाधार म्हणाला, ‘फोन पे भैया ने ही...’

साहेब माझ्याकडं वळले. ‘फोन तुम्हारी टेबल पर है. साल्पेकर ने बोला था?’

मी चोवीस वर्षांचा होतो. बाबा रिटायर झाले होते. नोकरी सहा महिन्यांची होती. हे सगळं मी नंतर गोळा केलं. तेव्हा डोक्यात काहीच नव्हतं. तोंडातून निघालं, ‘जी सर. बोला था.’

माझ्याच आवाजात.

भाऊंनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं नाही. ते म्हणाले, ‘हव. मेरी जिम्मेदारी है साब.’

दुपारी ते मले टूलरूममधी दिसले, स्टुलावर बसलेले. मले म्हणाले, ‘दार लोट.’ मी लोटलं. वाटलं, आता मारतीन. मारलं असतं तर बरं झालं असतं.

‘कर.’

‘काय भाऊ?’

‘फोनवर जे केलं ते. मले ऐकव. मी कधी ऐकलं नाही.’

‘भाऊ, माफ करा...’

‘ते नंतर. पहिले ऐकव.’

मी केलं. त्यांच्यासमोर उभं राहून त्यांचा श्वास आत ओढला, त्यांच्यासारखा खाकरलो. ‘सबसे छोटी सीढ़ी वाला डाल दे बाबू.’ पूर्ण. ते डोळे मिटून ऐकत होते, जसे गाडीत बसून ऐकायचे.

‘मी असा बाबू म्हणतो?’

‘हव.’

‘दर वेळी?’

‘बहुतेक.’

‘कोणी बोललं नाही कधी.’ त्यांनी मफलर सैल केला. ‘आवाज बरोबर आहे. पण रामाधारनं विचारलं, कोणता डालू, अन् तू लगेच सांगून टाकलं. मी लगेच कधी सांगतो का रे? त्यानं ओळखायले पाहिजे होतं. दहा वर्षं झाली त्याले माझ्यासंग. त्याले वाटलंच कसं, की मी असा पटकन बोलन?’

त्यांले हे जास्त लागलं होतं. जागेपेक्षाही.

‘भाऊ, मी साहेबाले खरं सांगतो.’

त्यांनी डोळे उघडले. मले वाटत होतं ते म्हणतीन, जाऊ दे, तुझी नोकरी जाईन, राहू दे. मी त्याच वाक्याची वाट पाहून राहिलो होतो, आज कबूल करतो.

‘सांग,’ ते म्हणाले.

आणि बसून राहिले. साहेबाची खोली समोरच होती, वीस पावलांवर. त्यांनी घाई केली नाही. दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून बसले होते. मी पान्यांच्या रॅककडं पाहत होतो. दहा-बाराचा पाना, चौदा-पंधराचा पाना. बाहेर कोणीतरी टायर घडंगळत नेला. मी उभाच. मग ते उठले, मफलर नीट केला, म्हणाले, ‘बरं.’ आणि दार उघडून गेले.

फोरमन म्हणून भोपाळचा एक जण आला. पावसाळ्यात त्यानं रोजीवरची माणसं कमी केली, त्यात भाऊंचं नाव होतं. साहेबाचीही बदली झाली. ज्याले सांगायचं तोच गेला, आता कोणाले सांगू, असं मी पुष्कळ दिवस स्वतःले समजावलं. साहेब जायच्या आधी पुरे चार महिने त्याच खोलीत बसत होता, हे मी त्या समजावण्यात घेत नव्हतो.

भाऊंचा शेवटचा दिवस मले आठवते. हजेरीच्या रजिस्टरवर सही करायले ते माझ्याच टेबलाशी आले. सही केली, पेन टोपण लावून ठेवलं. ‘येतो,’ म्हणाले. मी ‘हो भाऊ’ म्हटलं.

खिडकीतून फाटक दिसायचं. बिसाहू तिथं उभा होता. त्यानं रस्त्यातच वाकून भाऊंचे पाय धरले. त्याले तेवढंच माहीत होतं, की चूक भाऊंची होती, आणि भाऊंनी आपली चूक कबूल करून त्याची नोकरी वाचवली. तो रडत रडत बोलून राहिला होता, ‘आपमन जइसन कोनो अपन गलती नइ मानय भैया.’ भाऊंनी त्याले खांद्याले धरून उठवलं. उठवता उठवता त्यांनी त्याच्या डोक्यावरून खिडकीकडं पाहिलं, माझ्याकडं. रागानं नाही. टूलरूममधी बसले होते तसंच, घाई न करता, अजूनही वेळ आहे असं.

मी मान खाली घातली नं समोरच्या कार्डावर काहीतरी लिहायले लागलो. वर पाहिलं तेव्हा फाटकात बिसाहू एकटाच होता.